पाषाणातील बेडूक

महाराष्ट्र हा काळ्या कातळाचा देश आहे. रायगड, राजगड, तोरणा हे किल्ले याच कातळावर उभे आहेत. वेरूळचे कैलास लेणे याच कातळातून कोरून काढलेले आहे. घरांची जोती, विहिरींचे चिरे, देवळांपुढील दीपमाळा, स्वयंपाकघरातील जाते, पाटा व वरवंटा ही सारी त्याचीच रूपे होत. इतका नित्याचा परिचय असूनही या दगडाकडे लक्षपूर्वक पाहणारे थोडेच असतात. ज्याला काही कळत नाही, त्याला आपण सहज ‘दगड’ म्हणतो. परंतु एकोणिसाव्या शतकात मुंबईतील वरळीच्या टेकडीत खोदकाम चालले असता, याच काळ्या कातळाखालच्या एका थरात चिमुकल्या बेडकांचे सांगाडे सापडले. ते बेडूक सहा कोटी वर्षांहून अधिक काळ तेथे निजलेले होते.

ही वार्ता ऐकून कोणालाही प्रश्न पडेल. काळा कातळ म्हणजे थिजलेला शिलारस. तो पृथ्वीच्या पोटातून बाहेर पडला, तेव्हा तापलेल्या लोखंडासारखा लाल होता. अशा अग्निरसात बेडूक शिरेल कसा? आणि शिरलाच, तर त्याचे नाजूक हाड शिल्लक राहील कसे? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी प्रथम तो कातळ कसा निर्माण झाला, हे पाहिले पाहिजे. त्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. मुंबईच्या उपनगरातील अंधेरी येथे त्याचा एक उत्कृष्ट नमुना उभा आहे.

अंधेरीच्या पश्चिम भागात, दाट वस्तीच्या मधोमध, एक काळाकभिन्न सुळका आकाशात चढलेला दिसतो. त्याला गिल्बर्ट हिल असे म्हणतात. त्याची उंची सुमारे दोनशे फूट आहे. माथ्यावर गावदेवीचे मंदिर असून, खडकात खोदलेल्या पायऱ्यांनी भाविक वर जातात. या सुळक्याचे वैशिष्ट्य असे, की तो सलग धोंड्यासारखा दिसत नाही. जणू कोणी दगडाचे उंच खांब एकमेकांस चिकटवून उभे केले असावेत, तशी त्याची रचना आहे. प्रत्येक खांबाला पाच किंवा सहा बाजू आहेत. हे खांब कोणा पाथरवटाने घडविलेले नाहीत. ते निसर्गाने घडविले आहेत.

उन्हाळ्यात तळे आटते, तेव्हा त्याच्या तळाचा चिखल वाळून आकसतो आणि त्याला भेगा पडतात. त्या भेगांमुळे चिखलाचे पाच-सहा बाजूंचे तुकडे होतात. शिलारसाचेही तसेच घडते. जाड साचलेला शिलारस हळूहळू थंड होऊ लागला, की तो आकसतो. पृष्ठभागावर प्रथम भेगा पडतात आणि उष्णता जसजशी आत आत कमी होत जाते, तसतशा त्या भेगा खोल उतरतात. चिखलातील भेग वीतभर खोल जाते. शिलारसातील भेग शेकडो फूट जाऊ शकते. अशा रीतीने दगडाचे खांब तयार होतात. अमेरिकेतील वायोमिंग राज्यात डेव्हिल्स टॉवर या नावाचा असाच स्तंभमय डोंगर आहे. कर्नाटकाच्या किनाऱ्यासमोरील सेंट मेरी बेटांवरही असे खांब आढळतात. अंधेरीचा सुळका या जगप्रसिद्ध मंडळीत मानाने बसण्याजोगा आहे.

गिल्बर्ट हिल हा एका प्रचंड घटनेचा लहानसा अवशेष आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भारताच्या पश्चिम भागात भूमीला लांबच लांब भेगा पडल्या व त्यांतून शिलारस बाहेर येऊ लागला. शंकूच्या आकाराच्या ज्वालामुखीतून उसळावा तसा तो उसळला नाही. दूध उतू जावे तसा तो भूमीवर पसरत गेला. एक लोंढा आला, पसरला व थिजला. त्यावर दुसरा आला, तिसरा आला. असे थरावर थर चढले. आजही हा कातळ सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापून आहे आणि सह्याद्रीत त्याची जाडी दोन किलोमीटरांच्या आसपास भरते. दुरून पाहिले असता सह्याद्रीचे कडे पायऱ्यांसारखे दिसतात, ते या थरांमुळेच. स्वीडिश भाषेत पायरीला ‘ट्रॅप’ या शब्दाच्या जवळचा शब्द आहे. म्हणून भूवैज्ञानिकांनी या खडकांना ‘दख्खन ट्रॅप’ हे नाव दिले. मुंबईचे खडक या दीर्घ कालखंडाच्या अखेरीचे होत.

आता एक गोष्ट बारकाईने ध्यानात घेतली पाहिजे. हे लोंढे एकामागून एक आले, परंतु ते लगोलग आले नाहीत. दोन लोंढ्यांमध्ये कधी थोडा, तर कधी फार मोठा काळ गेला. याची खूण घाटातून प्रवास करणाऱ्या कोणालाही पाहता येते. काळ्या कड्याच्या मधून एखादा विटकरी रंगाचा आडवा पट्टा गेलेला दिसतो. तो पट्टा म्हणजे खालच्या थराचा ऊनपावसाने झिजून झालेला भाग होय. वरचा लोंढा येण्यापूर्वी खालचा खडक उघडा पडून राहिला होता, याची साक्ष तो पट्टा देतो. काळा थर हा उद्रेकाचा, तर तांबडा पट्टा हा विश्रांतीचा.

या विश्रांतीच्या काळात पृथ्वी ओसाड राहिली नाही. पाऊस पडला. खोलगट जागी पाणी साचून तळी झाली. वाऱ्याने व ओढ्यांनी बी-बियाणे आणले आणि झाडेझुडपे उगवली. पाण्यात बारीक शिंपल्यांचे सूक्ष्म जीव वाढले. कीटक आले. कीटकांमागून बेडूक आले. कासवे आली. जळालेल्या भूमीवर पुन्हा गजबज झाली. तळ्याच्या तळाशी वर्षानुवर्षे गाळ बसत राहिला. मग एके दिवशी दूरवरून पुन्हा शिलारसाचा लोंढा आला आणि त्याने तळे झाकून टाकले. दोन ट्रॅपांमध्ये दडपलेल्या या गाळाच्या थरांना ‘अंतरा-ट्रॅपी थर’ म्हणतात.

कोड्याचे उत्तर येथे मिळते. बेडूक कातळात शिरलाच नव्हता. तो कातळाखालच्या गाळात होता. शिलारस येण्यापूर्वीच तो मेला होता, गाळात पुरला गेला होता आणि त्याच्यावर गाळाचे कित्येक पापुद्रे चढले होते. त्या गाळानेच त्याचे अग्नीपासून रक्षण केले.

मेलेला प्रत्येक प्राणी जीवाश्म होत नाही. किंबहुना लाखांत एखादाच होतो. रानात मेलेल्या बेडकाला मुंग्या, कावळे वा घारी खाऊन टाकतात. उरलेली हाडे ऊनपावसाने विरून जातात. परंतु तोच बेडूक संथ तळ्याच्या तळाशी पडला, तर गोष्ट निराळी होते. बारीक गाळ त्याच्यावर हलकेच बसतो. त्या गाळात हवा पोचत नाही, म्हणून कुजण्याची क्रिया मंदावते. मांस नाहीसे होते, पण हाडे जागच्या जागी राहतात. पुढे गाळाचे ओझे वाढते, गाळाचा दगड होतो आणि पाण्यात विरघळलेली खनिजे हाडांत शिरून त्यांनाही दगडासारखी करतात. वरळीच्या थरांतील गाळ अतिशय बारीक कणांचा व काळपट आहे. म्हणूनच सुईसारखी सूक्ष्म हाडे असलेला बेडकाचा सांगाडा त्यात टिकला. भरड वाळूत तो केव्हाच चुरडला गेला असता.

या बेडकाची पहिली शास्त्रीय नोंद १८४७ साली झाली. त्या काळी जॉर्ज क्लार्क नावाच्या इंग्रज अभियंत्याने मुंबईच्या भूरचनेविषयी एक टिपण लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेकडे पाठविले होते. त्याला पुरवणी म्हणून रिचर्ड ओवेन यांनी या बेडकाचे वर्णन प्रसिद्ध केले. ओवेन हे शरीररचनाशास्त्राचे त्या युगातील अग्रगण्य पंडित होते. ‘डायनोसॉर’ या प्राणिगणाला नाव देणारे तेच. प्रचंड सरड्यांची हाडे हाताळणाऱ्या या विद्वानाने मुंबईहून आलेल्या चिमुकल्या बेडकाकडेही तितक्याच आस्थेने पाहिले. त्यांनी त्याचे नाव ‘राना पुसिला’ असे ठेवले. ‘राना’ म्हणजे लॅटिन भाषेत बेडूक आणि ‘पुसिला’ म्हणजे अगदी लहान.

त्यानंतर पाच वर्षांनी, १८५२ साली, हेन्री कार्टर यांनी मुंबई बेटाच्या भूरचनेवर एक विस्तृत निबंध प्रसिद्ध केला. कार्टर हे व्यवसायाने शल्यवैद्य होते. दिवसा रुग्ण तपासावेत आणि सवड मिळताच टेकड्या धुंडाळाव्यात, असा त्यांचा क्रम असे. त्यांनी या थरांतील एका कासवाचे वर्णन केले आणि डॉ. लीथ यांच्या नावावरून त्याला ‘लीथाय’ हे जातिनाम दिले. पुढे सुमारे शंभर वर्षांनी अर्नेस्ट विल्यम्स या अमेरिकन अभ्यासकाने त्या कासवाचा पुन्हा अभ्यास करून त्याला नवे कुलनाम दिले. ते होते ‘कार्टरेमिस’, म्हणजे कार्टर यांचे कासव. ज्याने दुसऱ्याचे नाव कासवाला दिले, त्याचेच नाव अखेर त्या कासवाशी कायमचे जोडले गेले.

बेडकाचे नावही फार दिवस टिकले नाही. १९३० साली न्यूयॉर्क येथील निसर्गेतिहास संग्रहालयातील ग्लॅडविन नोबल यांनी मुंबईच्या जीवाश्म बेडकांची नव्याने तपासणी केली. कवटी, पाठीचा कणा, खांद्याची व कमरेची हाडे यांची ठेवण त्यांनी बारकाईने पाहिली आणि त्यांना आढळून आले, की हा ‘राना’ कुलातील बेडूक नव्हेच. त्यांनी त्याचे नाव ‘इंडोबॅट्रॅकस’, म्हणजे भारतीय बेडूक, असे ठेवले. त्यापुढे १९४० साली चिपळूणकर या अभ्यासकांनी याच बेडकाची आणखी एक जाती वर्णिली. ओवेन यांच्यासारख्या थोर पंडिताने दिलेले नाव बदलले, म्हणून कोणी रागावले नाही. विज्ञानात मत मोठे नसते. पुरावा मोठा असतो.

नोबल यांना या हाडांत आणखी एक आश्चर्य दिसले. या बेडकाची ठेवण आशियातील नेहमीच्या बेडकांपेक्षा दूरच्या दक्षिण आफ्रिकेतील व ऑस्ट्रेलियातील काही बेडकांशी अधिक जुळत होती. तो नेमका कोणाचा नातलग, याविषयी तज्ज्ञांत आजही चर्चा चालू आहे. परंतु त्याचे नाते दक्षिणेकडील प्रदेशांत शोधले पाहिजे, ही दिशा तेव्हा उघड झाली. कासवानेही तीच दिशा दाखविली. आपल्याकडील नद्यांतील व तळ्यांतील कासवे मान सरळ मागे ओढून पाठीच्या ढालीखाली घेतात. मुंबईचे जीवाश्म कासव ज्या गणातले आहे, त्या गणातील कासवे मान बाजूला वळवून ढालीच्या कडेखाली लपवितात. अशी कासवे आज भारतात आढळत नाहीत. त्यांचे जिवंत नातलग आफ्रिकेत, मादागास्करात आणि दक्षिण अमेरिकेत राहतात.

बेडकाची कातडी खाऱ्या पाण्यात टिकत नाही. मग समुद्रापलीकडच्या भूमीवरील बेडकांशी मुंबईच्या बेडकाचे नाते जुळावे, हे कसे? बेडूक समुद्र ओलांडून आले नसतील, तर एकच शक्यता उरते. भूमीच सरकली असली पाहिजे. खंडे एके काळी एकत्र होती व पुढे ती विलग झाली, असा विचार जर्मन शास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ साली मांडला होता. पण तो कित्येक वर्षे बहुतेकांना पटला नाही. पुढे समुद्रतळाचे संशोधन झाले आणि १९६० नंतरच्या काळात तो विचार सर्वमान्य झाला. भारत, आफ्रिका, मादागास्कर, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका व अंटार्क्टिका हे एका विशाल दक्षिण भूखंडाचे भाग होते. त्याला गोंडवन असे म्हणतात, आणि हे नाव मध्य भारतातील गोंडवन प्रदेशावरूनच पडले आहे. भारत त्यापासून सुटला. सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी तो मादागास्करापासून वेगळा झाला आणि मोठ्या बेटाप्रमाणे उत्तरेकडे सरकू लागला. मुंबईच्या तळ्यात बेडूक उड्या मारीत होते, तेव्हा भारत अद्याप आशियाला भिडला नव्हता व हिमालयाचा मागमूसही नव्हता. आज आफ्रिकेनजीक असलेली सेशेल्स बेटेदेखील त्या सुमारास आपल्या पश्चिम किनाऱ्यालगत होती.

या कथेला एक जिवंत साक्षीदारही लाभला आहे. २००३ साली सत्यभामा दास बिजू आणि फ्रँकी बोसाईट या संशोधकांनी सह्याद्रीच्या दक्षिण भागातील, केरळातील, एका जांभळट रंगाच्या बेडकाचे वर्णन केले. त्याचे नाव ‘नासिकाबॅट्रॅकस सह्याद्रेन्सिस’. वर्षातील बहुतेक काळ तो जमिनीखाली राहतो व पावसाळ्याच्या सुरुवातीस प्रजननासाठी थोडे दिवस वर येतो. त्याचे सर्वांत जवळचे नातलग भारतात नाहीत, तर हजारो किलोमीटर दूर सेशेल्स बेटांवर आहेत. वरळीचा बेडूक जी गोष्ट दगडातून सांगतो, तीच गोष्ट हा बेडूक जिवंतपणी सांगतो. भूमी दुभंगली, दोन भाऊ दुरावले, आणि दोघांच्या अंगावरील खुणा तेवढ्या राहिल्या.

येथे कोणी विचारील, की हे सहा कोटींचे गणित कोणी व कसे मांडले? जीवाश्माचे वय सांगण्याचे मार्ग मुख्यतः दोन आहेत. पहिला मार्ग थरांच्या क्रमाचा. रचून ठेवलेल्या वह्यांच्या गठ्ठ्यात सर्वांत खालची वही आधी ठेवलेली असते. थरांचेही तसेच आहे. जो खाली, तो जुना. दुसरा मार्ग खडकातील मूलद्रव्यांचा. शिलारसात पोटॅशियम असते. त्याचा एक विशिष्ट अंश अतिशय मंद गतीने, पण ठरावीक प्रमाणात, अर्गॉन वायूत रूपांतरित होत राहतो. शिलारस थिजला, की हे घड्याळ सुरू होते. खडकात किती अर्गॉन साठला आहे हे मोजले, म्हणजे तो केव्हा थिजला हे कळते. गाळाच्या थरावरील व खालील कातळांची वये अशी काढली, की मधल्या बेडकाचे वय आपोआप दोहोंच्या मध्ये बसते.

थरांचा हा हिशोब फार कडक असतो. समजा, उद्या कोणी म्हणाले, ‘वरळीच्या बेडकांच्या थरात मला अस्वलाचे हाड सापडले.’ यावर जाणता मनुष्य लगेच विश्वास ठेवणार नाही. बेडकांचे कुळ फार प्राचीन आहे, परंतु अस्वलांचे तसे नाही. अस्वलांच्या आदिपूर्वजांचा माग फार तर चार कोटी वर्षांपर्यंत लागतो. मेळघाटात व ताडोब्यात वारुळे उकरून वाळवी खाणारे अस्वल हे तर त्या कुळातील अलीकडचे. मुंबईचा कातळ थिजला, तेव्हा अस्वल, हत्ती, घोडा, यांपैकी कोणीही जगात अवतरले नव्हते. अस्वलांचा जुना इतिहास वाचावयाचा, तर तो हिमालयाच्या पायथ्याच्या शिवालिक टेकड्यांत वाचावा लागतो. तेथील खडक पुष्कळ तरुण आहेत. सहारनपूरच्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षक ह्यू फाल्कनर आणि गंगेच्या कालव्याचे शिल्पकार प्रोबी कॉटली यांनी १८३० नंतरच्या दशकात तेथून शेकडो प्राण्यांची हाडे गोळा केली. त्यांत एका नामशेष झालेल्या बलाढ्य अस्वलाची कवटीही होती. १८३६ साली त्यांनी तिचे वर्णन केले. आज ते अस्वल ‘ॲग्रिओथेरियम’ या नावाने ओळखले जाते. ज्या खडकाला जे वय, त्यालाच त्या वयाचे प्राणी शोभतात.

हा विवेक माणसाला एका दिवसात आला नाही. युरोपातील गुहांत नामशेष झालेल्या गुहा-अस्वलांच्या हाडांचे ढीग सापडत. मध्ययुगातील लोकांना वाटे, की ही आग ओकणाऱ्या ड्रॅगनची हाडे आहेत. पुढे कोणीतरी ती कवटी जिवंत अस्वलाच्या कवटीशेजारी ठेवली, दाताशी दात ताडून पाहिला, आणि ड्रॅगन नाहीसा होऊन अस्वल प्रकट झाले. वरळीच्या बेडकाबाबतही हेच घडले. हाडाशेजारी हाड ठेवून पाहणे हीच जीवाश्मविद्येची पहिली पायरी आहे.

मुंबईचे बेडूक व कासवे ज्या काळात होऊन गेली, तो काळ पृथ्वीच्या इतिहासातील मोठ्या उलथापालथीचा होता. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आजच्या मेक्सिकोच्या भागात एक प्रचंड अशनी आदळला. इकडे दख्खनमध्ये शिलारसाचे लोंढे वाहत होते. त्या सुमारास पक्ष्यांचे पूर्वज वगळता सारे डायनोसॉर नष्ट झाले. त्यांची हाडे चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथे, ट्रॅपांच्या खालील थरांत, सापडली आहेत. पृथ्वीवर राज्य करणारे महाकाय प्राणी गेले. परंतु बेडकांची व कासवांची कुळे टिकली. पाण्याच्या आश्रयाने राहणाऱ्या, थोड्यावर भागविणाऱ्या या लहान जीवांनी तो संकटकाळ पार केला. वरळीचा बेडूक ही विशिष्ट जात पुढे नामशेष झाली खरी, पण बेडकांचे कुळ आजही दर पावसाळ्यात डबक्याडबक्यांतून आपली हजेरी लावते.

हा सारा इतिहास ज्या थरांत लिहिला गेला, ते थर केवळ वरळीतच नव्हते. मलबार टेकडीखाली ते आहेत, आणि अंधेरीजवळील आंबोलीच्या दगडखाणीतही ते उघडे पडले होते. विसाव्या शतकाच्या अखेरीस व त्यानंतर भारतीय आणि परदेशी संशोधकांनी आंबोलीच्या थरांतील माती चाळून सूक्ष्म शिंपले, परागकण व प्राण्यांचे अवशेष तपासले. येथे एक विलक्षण पेच आढळतो. दगड फोडला, म्हणूनच हे थर दृष्टीस पडले. खाणीत सुरुंग लागला नसता, तर आंबोलीच्या पोटात काय दडले आहे, हे कोणालाच कळले नसते. परंतु दगड फोडला, म्हणूनच ते थर नाहीसेही झाले. मुंबई वाढत गेली. तिला रस्ते हवे होते, घरे हवी होती, धक्के हवे होते. टेकड्यांची खडी झाली. खाणी संपल्या, बुजल्या आणि त्यांवर इमारती उभ्या राहिल्या. वरळीची टेकडी आज घरांनी झाकलेली आहे. किती बेडूक खडीबरोबर रस्त्यात गेले असतील, याची गणती नाही.

गिल्बर्ट हिलची कथाही याहून फार वेगळी नाही. आज जो सुळका दिसतो, तो पूर्वीच्या विस्तीर्ण खडकाचा उरलेला गाभा आहे. सभोवतालचा दगड खाणकामात कापला गेला. २००७ साली मुंबई महानगरपालिकेने या सुळक्याला दुसऱ्या श्रेणीच्या वारसास्थळाचा दर्जा दिला. आता तो चहूबाजूंनी घरांनी वेढलेला आहे. दगड फोडणाऱ्या श्रमिकांना दोष देण्याचे कारण नाही. शहर बांधणारे हात त्यांचेच होत, आणि जमिनीतून निघालेला अपूर्व दगड प्रथम दृष्टीस पडतो, तोही खणणाऱ्यालाच. उणीव असते ती पाहिलेल्या वस्तूचे मोल ओळखण्याची.

जीवाश्माचे मोल त्याच्या सौंदर्यात नसते, तसेच ते बाजारभावातही नसते. ते त्याच्या ठिकाणात असते. वरळीचा बेडूक कोणत्या थरात होता, त्याच्यावर कोणता कातळ होता, त्याच्या सोबतीला कोणते शिंपले होते, हे ठाऊक आहे, म्हणून तो बोलतो. तोच बेडूक उपटून कपाटात ठेवला आणि ठिकाण विसरले गेले, तर तो मुका होतो. म्हणून विहीर खणताना, रस्ता कापताना वा सहलीत भटकताना दगडात पानाचा, शिंपल्याचा किंवा हाडाचा आकार दिसला, तर घाईने हातोडा चालवू नये. जागा नीट लक्षात ठेवावी. जवळ कोणती खूण आहे ते लिहून घ्यावे. चित्र काढावे वा छायाचित्र घ्यावे. मग आपल्या शिक्षकांना, जवळच्या महाविद्यालयातील भूविज्ञानाच्या प्राध्यापकांना किंवा १८५१ पासून कार्य करीत असलेल्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेला ते कळवावे. कार्टर शल्यवैद्य होते, क्लार्क अभियंते होते. नित्याचे काम करता करता त्यांनी डोळे उघडे ठेवले, एवढेच.

रान तोडले, तर पुन्हा लावता येते. तळे आटले, तर पुन्हा भरते. पण सहा कोटी वर्षांपूर्वीच्या तळ्याचा गाळ एकदा खडीत मिसळला, म्हणजे तो पुन्हा मिळत नाही. अंधेरीचा सुळका आणि वरळीचा बेडूक यांनी मिळून भारत कोठून आला, त्याचे सोबती कोण होते व अग्नीच्या दोन लोटांमध्येही जीवन कसे परतले, हे सांगितले आहे. त्यांच्यासारखे आणखी किती साक्षीदार महाराष्ट्राच्या कातळात अजून दडलेले असतील! ते शोधण्याचे व जपण्याचे काम पुढील पिढ्यांकडे आहे.